वॅट किती ते नंतर, आधी तिसरी पिन

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका पुण्यात पेठेतल्या एका जुन्या वाड्यात राहतात, बँकेतून निवृत्त झाल्या आहेत. मुलगी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला. तीन वर्षांपूर्वी तिच्यासाठी आय-फाइव्ह १२४०० प्रोसेसरचा कॉम्प्युटर असेंबल करून घेतला. यंदा रेंडरिंगसाठी (म्हणजे ड्रॉइंगवरून खऱ्यासारखं चित्र तयार करण्यासाठी) तिने कॉलेजातल्या एका सीनियरकडून वापरलेलं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड घेतलं. तेव्हापासून ड्रॉइंगची साधी कामं होतात, पण रेंडर लावला की दहा-पंधरा मिनिटांत मशीन फट्कन बंद पडून आपोआप परत सुरू होतं. एसएमपीएस, म्हणजे मशीनच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, कॅबिनेटबरोबर आलेला, ४५० वॅटचा. त्याला ग्राफिक्स कार्डाची वायर नव्हती, म्हणून दुकानातल्या मुलाने एक कन्व्हर्टर लावून दिला. आता दुकानदार म्हणतो, ८५० वॅटचा गोल्ड घ्या, साडेदहा हजार. पुतण्या म्हणतो, ५५० चा ब्राँझ पुरे, साडेचार हजार. दीर म्हणतात, काही बदलू नका, यूपीएस घ्या. ताईंची भीती अशी की मोठ्या वॅटचा एसएमपीएस लावला तर विजेचं बिल वाढेल. आणि "मला यातलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे मी फसणार हे नक्की." पत्राच्या शेवटी: "कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, म्हणून लेक चप्पल घालूनच बसते." सोबत एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो.

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं ते त्या चपलेच्या ओळीसाठी. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत, पण माझ्या दृष्टीने पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. तिच्याकडे सविस्तर येतो. तोवर एकच पाळा: कॅबिनेट उघडायचं असेल तर भिंतीतला प्लग उपसून काढा. नुसतं बटण बंद करून भागणार नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं मी अनेकदा पाहिलंय. बटण बंद असतं आणि आत वीज तशीच असते.

आता "मला कळत नाही" याबद्दल. एफडीचे तक्ते वाचण्यात तुमचा जन्म गेला. हा स्टिकर त्याहून सोपा आहे. मोठ्या ठळक अक्षरातल्या ४५० वर बोट ठेवा, म्हणजे तो आकडा झाकला जाईल. तो जाहिरातीचा आहे. त्याखाली जो बारीक तक्ता आहे त्यात +३.३, +५ आणि +१२ व्होल्ट असे रकाने आहेत. +१२ च्या खाली लिहिलंय १६ अँपिअर. बारा सोळे एकशे ब्याण्णव. म्हणजे तुमच्या मशीनमधल्या ज्या दोन गोष्टी खरी वीज खातात, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, त्यांच्यासाठी या डब्यात १९२ वॅट आहेत. ४५० नाहीत.

मग उरलेले कुठे गेले? ते ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत पडून आहेत. नव्वदच्या दशकात प्रोसेसरला ५ व्होल्टच्या वायरीतून वीज जायची. पेंटियम फोरच्या वेळी, २००० च्या सुमाराला, हा भार १२ व्होल्टवर गेला आणि तेव्हापासून तिथेच वाढत राहिला. स्वस्त एसएमपीएस मात्र जुन्या मापानेच बनत राहिले. कोठारात पोतंभर तांदूळ आहे आणि पाहुण्यांना हव्यात पोळ्या, अशी गत.

खर्चाची बाजू बघू. १२४०० च्या खोक्यावर ६५ वॅट असतात, पण पूर्ण जोर लावला की तो ११७ वॅटपर्यंत जातो. हा आकडा इंटेलचाच आहे. आरटीएक्स ३०६० चे १७० वॅट. दोन्ही मिळून २८७. मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे यांना पन्नासेक वॅट धरा. म्हणजे ३४० च्या आसपास. समोर जमा १९२. बँकेच्या भाषेत याला काय म्हणतात ते तुम्ही मला सांगा.

"पण तीन वर्षं व्यवस्थित चालला की!" चालणारच. तेव्हा कार्ड नव्हतं. प्रोसेसरच्या पोटातल्या ग्राफिक्सवर ड्रॉइंग होत होती, त्यात हा एसएमपीएस आरामात होता. तो बिघडला असं मी म्हणत नाही. त्याच्यावर भलतंच ओझं टाकलंय, इतकंच.

त्या कन्व्हर्टरबद्दल जरा थांबून सांगतो, कारण वर्षानुवर्षं दुरुस्तीच्या टेबलावर बसल्यावर मला सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच वाटते. कार्डाला मदरबोर्डच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. बाकीचे आठ पिनांच्या वेगळ्या वायरीतून यावे लागतात, आणि ती वायर १५० वॅटसाठी बनवलेली असते. ज्या एसएमपीएसला अशी वायरच नाही, तो बनवणाऱ्यानेच तुम्हाला सांगितलंय की बाबांनो, माझ्यावर हे कार्ड लावू नका. कन्व्हर्टर लावून आपण त्याचं तोंड बंद करतो. प्लग काढून, कॅबिनेटची बाजू उघडून, तो जोड नीट बघा. हार्ड डिस्कच्या चपट्या काळ्या साटा कनेक्टरमधून घेतला असेल तर आजच काढून ठेवा. त्या कनेक्टरची १२ व्होल्टवरची मर्यादा ५४ वॅटच आहे. चार जाड पिनांच्या मोलेक्समधून घेतला असेल तर पांढऱ्या प्लॅस्टिकची कड बघा. माझ्याकडे आलेल्या अशा एका जोडाची कड आधी पिवळी, मग पिनेजवळ भाजलेल्या पापडासारखी तपकिरी झालेली होती. एक पिन प्लॅस्टिकसकट बाहेर आली. मालकाची तक्रार एवढीच होती की "कधीकधी वास येतो."

तरीही लगेच पैसे काढू नका. कार्ड वापरलेलं आहे, तेव्हा थोडा संशय त्याच्यावरही हवा. कन्व्हर्टर साटाचा नसेल आणि कुठे जळकट दिसत नसेल, तर एक फुकटची चाचणी मुलीला करायला सांगा. एमएसआय आफ्टरबर्नर नावाचं प्रोग्रॅम उतरवून घ्यायचं, त्यात 'पॉवर लिमिट'ची पट्टी १०० वरून ७० वर आणायची आणि तोच रेंडर पुन्हा लावायचा. रेंडर हळू होईल. पण मशीन बंद पडायचं थांबलं, तर चोर वीजपुरवठ्यातच आहे असं समजायला हरकत नाही. तरीही बंद पडत असेल तर प्रोसेसर आणि कार्डाचं तापमान बघा, धूळ काढा, आणि एखाद्या मैत्रिणीचा चांगला एसएमपीएस तासाभरासाठी आणून लावून बघा. बंद पडताना आधी निळा पडदा येत असेल तर मात्र रॅम किंवा ड्रायव्हरकडे वळा. विंडोजच्या नोंदीत 'कर्नल पॉवर ४१' असं दिसेल. ते वाचून कोणी छातीठोक निदान करू लागला तर विश्वास ठेवू नका. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन न होता गेलं. का गेलं ते त्यात नसतं.

आता दुकानदार की पुतण्या.

दुकानदार तुम्हाला फसवतोय असं तुम्ही गृहीत धरलंय. मला तसं वाटत नाही. त्याला गिऱ्हाईक परत दारात नकोय. ८५० लावला की पाच वर्षं तक्रार यायची नाही, हा त्याचा हिशेब, आणि तो चुकीचाही नाही. फक्त तो हिशेब तुमच्या पैशांनी केलेला आहे.

आणि मोठ्या वॅटने बिल वाढत नाही. पाचशे पानांचा आचारी बोलावला म्हणून दोनशे पाहुणे पाचशेंचं जेवत नाहीत. मशीनला ३४० वॅट लागले तर ५५० चा असो की ८५० चा, दोघेही आत ३४० च देणार. भिंतीतून मात्र थोडे जास्त ओढले जातात, कारण वीज बदलताना काही वाया जाते. ब्राँझ, गोल्ड ही भानगड तिथली. '८० प्लस' नावाची प्रमाणपत्रं २००४ पासून आहेत, ब्राँझ-गोल्ड हे दर्जे त्यात २००८ मध्ये आले. अर्ध्या भाराला ब्राँझची कार्यक्षमता साधारण ८५ टक्के, गोल्डची ९०. समजा मशीन ३०० वॅट घेतंय. ब्राँझ भिंतीतून ३५३ ओढेल, गोल्ड ३३३. फरक वीस वॅट. रोज चार तास जोरात काम केलं तर महिन्याला अडीच युनिटसुद्धा नाहीत. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाचे तीनशे रुपयेही वाचत नाहीत, आणि दोन दरांतला फरक आहे सहा हजारांचा. वसुलीला वीस वर्षं! तेवढ्यात मुलीचं स्वतःचं ऑफिस होईल.

गोल्डबद्दल आणखी एक गैरसमज खोडतो. ते प्रमाणपत्र फक्त कार्यक्षमतेचं आहे. आतली सुरक्षा कशी आहे, शॉर्ट झालं तर तो स्वतःहून बंद होतो का, यातलं काहीच त्या बिल्ल्यात येत नाही. चांगले गोल्ड सहसा या बाबतीतही चांगले असतात, पण ते बनवणाऱ्याच्या दानतीमुळे. बिल्ल्यासारखे दिसणारे नकली बिल्लेही बाजारात आहेत. प्रमाणित मॉडेलांची यादी इंटरनेटवर खुली आहे, त्यात नाव शोधायला दोन मिनिटं लागतात.

मग ३४० साठी ५५० कशाला, ४०० का नको? दोन कारणं. एक, आचारी कायम पाचशेच्या पाचशे पानांवर राबवला तर लवकर थकतो. एसएमपीएसच्या आतले कपॅसिटर उष्णतेने वाळत जातात. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं. पुण्यात एप्रिल-मेमध्ये माळ्यावरच्या खोलीत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. दुसरं, १७० वॅट ही कार्डाची सरासरी झाली. क्षणभरासाठी, अगदी हजारांश सेकंदाहून कमी वेळ, ते याच्या कितीतरी वर उडी मारतं. सगळी पंगत एकदम "वाढा, वाढा" म्हणून ओरडते तसं. हे झटके एवढे वाढले की २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात, १०० मायक्रोसेकंदांपुरता आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार सोसण्याची अट मोठ्या एसएमपीएसना घालावी लागली. एनव्हिडिया आपल्या १७० वॅटच्या कार्डासाठी ५५० चा एसएमपीएस सांगते, त्यात हे झटके, बाकीचं मशीन आणि थोडा अविश्वासही धरलेला असतो. अविश्वास कसला, तर तुमच्या आत्ताच्या ४५० सारख्या स्टिकरांचा!

तेव्हा पुतण्या बरोबर आहे. माझी एकच पुरवणी: त्याच कंपनीचा, त्याच दर्जाचा ६५० वॅटचा सात-आठशे रुपये जास्त देऊन मिळत असेल तर तो घ्या. मुलगी शेवटच्या वर्षाला पोहोचली की कार्ड बदलायचं म्हणणार. आरटीएक्स ५०७० सारख्या २५० वॅटच्या कार्डाला एनव्हिडिया ६५० च सांगते. फरक दोन हजारांवर जात असेल तर ५५० वर थांबा.

हे सूत्र बाकीच्या वाचकांनाही चालेल: प्रोसेसरचा कमाल आकडा, अधिक कार्डाचा, अधिक पन्नास-साठ. येणारी बेरीज एसएमपीएसच्या १२ व्होल्टच्या वॅटांच्या साठ-सत्तर टक्क्यांत बसली पाहिजे. ज्यांच्याकडे ग्राफिक्स कार्डच नाही, फक्त टॅली आणि ईमेल चालतं, त्यांनी ५५० च्याही मागे लागू नये. चांगल्या कंपनीचा ४०० चाही त्यांना जड होईल.

दुकानात गेलात की खोका फोडून स्टिकर दाखवायला सांगा. ५५० च्या चांगल्या एसएमपीएसवर १२ व्होल्टखाली ४२ ते ४५ अँपिअर असतात. गुणाकार ५०० च्या पुढे गेला पाहिजे. कार्डासाठीची आठ पिनी वायर डब्यातूनच आलेली हवी, जोडलेली नको. बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि 'आर-' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो 'बीआयएस केअर' ॲपवर तिथल्या तिथे तपासता येतो. वॉरंटी पाच वर्षांची मिळाली तर उत्तम, आणि बिलावर सिरियल नंबर लिहून घ्यायचा.

दुकानदार "चेक करून देतो" म्हणेल. मोठ्या चोवीस पिनी जोडातल्या हिरव्या आणि काळ्या वायरीत वाकवलेली यू-पिन खुपसेल, पंखा फिरेल आणि तो विजयी मुद्रेने तुमच्याकडे बघेल. बघू द्या. त्यातून एवढंच कळतं की डबा चालू होतो. भार सोसतो की नाही, हे तुमच्या मुलीचा रेंडरच सांगणार. म्हणून बदलून देण्याची मुदत किती दिवसांची, ते तिथेच विचारा. आणि ज्यांच्या एसएमपीएसच्या केबली सुट्या निघतात त्यांना कळकळीने सांगतो: जुन्या केबली नव्या डब्याला लावू नका. जोड बरोबर बसतो, पण डब्याकडच्या पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा. आळसापायी डिस्क जाळून आलेले लोक मी पाहिलेत, आणि त्यात एक इंजिनिअर होता.

दिरांच्या यूपीएसबद्दल: तो वीज गेल्यावर उपयोगी पडतो, इथे तुमची वीज जात नाहीये. सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच असतो. हे मशीन रेंडर करताना भिंतीतून ४०० ओढेल आणि तो पीं पीं करत बसेल. पुढे घ्यायचाच झाला तर हजार-अकराशे व्हीएचा बघा, आणि साइन वेव्हचा मिळाला तर बरं. चांगल्या एसएमपीएसना चौकोनी वेव्हचे यूपीएस कधीकधी मानवत नाहीत.

आता ती चप्पल.

एसएमपीएसमध्ये वीज शिरते तिथे दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजकडून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेला, दुसरा न्यूट्रलकडून. लाइनमधली घाण अर्थिंगमध्ये सोडून द्यावी म्हणून ते मुद्दाम बसवलेले असतात. अर्थिंगच नसेल तर पत्रा अधांतरी राहतो आणि त्याच्यावर निम्मा दाब, साधारण ११५ व्होल्ट, दिसतो. करंट अगदी किरकोळ, म्हणून झिणझिण्यांवर निभावतं. टेस्टर लावला की तो लुकलुकतो आणि लोक म्हणतात "एसएमपीएस लीक झाला". चांगले एसएमपीएस याच कारणाने भंगारात गेलेले मला माहीत आहेत. तुम्ही साडेदहा हजारांचा गोल्ड आणलात तरी झिणझिण्या तशाच येतील. दोष डब्यात नाही. भिंतीतल्या सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकामागे, म्हणजे अर्थिंगची तिसरी पिन जाते तिथे, बहुतेक वायरच नाही, किंवा आहे ती कुठेच पोहोचत नाही.

आणि झिणझिण्या ही सूचना झाली. उद्या आत कुठे खरोखरच फेज पत्र्याला टेकली, तर अर्थिंग असल्यावर फ्यूज उडतो. नसल्यावर पत्रा पूर्ण २३० व्होल्टवर वाट बघत बसतो. ओल्या पायांसमोर चपलेचं काही चालत नाही.

जुन्या वाड्यांत अंगणाच्या कोपऱ्यात मीठ-कोळशाचा अर्थिंगचा खड्डा असायचा, उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायचे. तुमच्याकडे तो असेल तर फरशीखाली गेला असेल, नाहीतर वायर गंजून तुटली असेल. परवानाधारक वायरमन बोलवा, मीटर घेऊन ये म्हणावं. फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ, दोन्ही मापं जवळजवळ सारखी यायला हवीत. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. नवं अर्थिंग घालायला वाड्याच्या मालकांची संमती लागेल, त्यात महिने जातील, हे मी धरून चालतो. तोवर तुमच्या घराच्या मेन स्विचपाशी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की आपोआप पडणारा स्विच) बसवून घ्या. तापकीर गल्लीत सहज मिळतो. अर्थिंग नसतानाही, माणसातून वीज जायला लागली की तो क्षणात बंद होतो. पहिल्यांदा लावल्यावर तो सारखा पडत असेल तर त्याला दोष देऊन काढू नका, घरात कुठेतरी गळती आहे.

म्हणून क्रम असा: आरसीसीबी याच आठवड्यात. रेंडरची चाचणी आज रात्री, पण वर सांगितलेल्या अटीवर. नवा एसएमपीएस चाचणीनंतर, आणि तोवर सबमिशनची कामं पट्टी ७० वर ठेवून.

वायरमनबद्दल एकच. त्याने सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थमध्ये तुकडा टाकून "झालं काम, आता झिणझिण्या नाहीत" असं म्हटलं, तर त्याला तो तुकडा तुमच्यासमोर काढायला लावा. झिणझिण्या खरंच थांबतील. पण ज्या दिवशी वाड्याच्या मेनवर न्यूट्रल तुटेल, त्या दिवशी पूर्ण फेज कॅबिनेटच्या पत्र्यावर येईल. आणि "नळाला जोडून देतो" म्हणाला, तर नळाचे पाइप आता प्लॅस्टिकचे झालेत हे त्याला दाखवा, चहा पाजा आणि दुसरा वायरमन शोधा.